त्यांना एकाच टेबलावर बसू द्या

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकाचे पत्र वाचले. शाळा सुटल्यावर मुलगे-मुली बसस्थानकावर, देवळाच्या आवारात, वाचनालयात एकत्र बसतात, खिदळतात, एकमेकांच्या मोबाईलमध्ये डोकी घालतात. हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही. निदान वाचनालयांनी तरी दोघांची बसण्याची सोय वेगळी करावी, असे त्यांनी सुचवले होते. पत्र कळकळीचे होते. त्या गृहस्थांना मुलांची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. त्या पत्राचे कात्रण जोडून काही पालकांनी आमच्या समितीकडे अर्ज दिला आहे. मुलगे माडीवर, मुली खाली. ते जमत नसेल तर दोघांच्या वेळा वेगळ्या. समितीची बैठक व्हायची आहे आणि तिथे मला माझे मत विचारले जाईल. पण हा प्रश्न एका गावापुरता नाही, म्हणून ते मत इथे जाहीरपणे मांडते. पत्र लांबले आहे. शक्य झाल्यास काटछाट न करता छापावे, ही विनंती.

आमच्याकडे खालच्या मजल्यावर खिडकीला लागून एक लांब सागवानी टेबल आहे. दुपारी त्यावर वर्तमानपत्रे पसरलेली असतात. पाचच्या सुमारास पेपर वाचणारी ज्येष्ठ मंडळी उठतात आणि दहावीची पोरे येतात. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मधोमध ठेवायचा, घड्याळ लावायचे, एकाच वेळी सोडवायला घ्यायचे, मग एकमेकांचे तपासायचे, असा त्यांचा शिरस्ता. पंख्याखालच्या खुर्चीवरून रोज भांडण. कोणाच्या तरी दप्तरात चण्यांची पुडी असतेच आणि ती टेबलाखालून फिरते. वाचनालयात खायचे नाही हा नियम त्यांना ठाऊक आहे आणि मी टेबलाखाली वाकून बघत नाही, हेही ठाऊक आहे. या गटात मुलगे आहेत, मुली आहेत. त्यांना कोणी एकत्र बसवलेले नाही. गणिताने बसवले आहे.

त्यातल्या एका मुलाला त्यातलीच एक मुलगी आवडू लागली. हे मला त्याने सांगितले नाही, पण टेबलाच्या पलीकडून दिसायचे ते दिसतेच. आधी कुठेही बसणारा मुलगा तिच्या समोरचीच खुर्ची धरू लागला. तिचे अक्षर किती सुंदर आहे, हे त्याने मला कारण नसताना ऐकवले. मग रात्रीचे मेसेज सुरू झाले असावेत. एका संध्याकाळी त्या मुलीने आपला फोन टेबलावर पालथा ठेवला आणि सगळ्यांच्या देखत, आवाज न चढवता त्याला म्हणाली, “रात्रीचे मेसेज पाठवू नकोस. मला तसं काही वाटत नाही. उद्या गणिताला मात्र ये.”

सगळे गप्प. तो उठला आणि मासिकांच्या रॅकपाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. दोनेक मिनिटांनी त्याचा मित्र उठला, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, एक मासिक काढून चाळू लागला. बोलला काही नाही. नंतर काही दिवस तो मुलगा फिरकलाच नाही. मग याच पोरांनी त्याला घरून उचलून आणले. आता तो येतो, दोन खुर्च्या सोडून बसतो, त्रिकोणमितीत तिच्याकडून चुका काढून घेतो. ती पूर्वीसारखीच त्याच्या उत्तरपत्रिकेवर लाल पेनाने गोल मारते.

त्या संध्याकाळी त्या टेबलावर काय घडले, ते अर्ज करणाऱ्या पालकांनी कृपा करून नीट बघावे. समोरच्याला न दुखावता ठाम नकार कसा द्यावा, हे एक मुलगी शिकली. नकार म्हणजे अपमान नव्हे, त्यानंतरही जग चालू राहते आणि त्या जगात आपल्याला जागा असते, हे एक मुलगा शिकला. दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळी शब्द सापडत नसतील तर नुसते शेजारी उभे राहावे, हे तिसऱ्याला आधीच कळत होते. हे कुठल्या विषयाच्या पुस्तकात आहे? आणि हीच तिघे माडीवर-खाली वाटली गेली असती तर ते मेसेज थांबले असते का? ते रात्री एकट्या मुलाने एकट्या मुलीला पाठवलेले होते. ते सगळ्यांसमोर थांबले ते टेबलामुळे.

माझ्या हाताखालून पुस्तके जातात आणि त्यातली बरीच मी वाचते. किशोरवयावर मानसशास्त्रज्ञांनी जे लिहून ठेवले आहे, त्यातले काही इथे सांगितलेच पाहिजे, कारण 'आजकालची मुले बिघडली' या वाक्याला त्यात कुठेही आधार सापडत नाही. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. १९४९ मध्ये ते वारले आणि त्यांची व्याख्याने १९५३ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचे म्हणणे असे की, वयात येण्याच्या थोडे आधी, साधारण नऊ-दहाव्या वर्षाच्या आगेमागे, मुलाला एक जिवलग मित्र लागतो, मुलीला एक जिवलग मैत्रीण लागते. तोवर मूल दुसऱ्याकडून मिळवत असते. या मैत्रीत पहिल्यांदा दुसऱ्याचे सुख आपल्या सुखाइतकेच महत्त्वाचे वाटू लागते. जवळिकीची भूक अशी आधी मैत्रीत जागी होते आणि शरीराचे आकर्षण त्यानंतर येते. ज्याला ही पहिली मैत्री लाभली, तो पुढच्या आकर्षणाला सामोरा जाताना काहीतरी शिदोरी घेऊन जातो. ज्याला ती लाभली नाही, त्याच्या वाट्याला नुसते आकर्षण येते.

आमच्याकडे पाचवी-सहावीच्या दोन मुली येतात. एकच पुस्तक दोघींच्या मांडीवर अर्धे अर्धे ठेवून वाचतात आणि जिचे पान आधी संपते ती दुसरीसाठी थांबते. त्यांना बघितले की सलिव्हन काय म्हणतात ते समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे संशोधन तर समुद्रकाठचेच आहे. डेक्स्टर डन्फी या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञाने १९५८ ते १९६० या काळात सिडनीतल्या तेरा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींचे गट पाहिले. ते रस्त्याच्या कोपऱ्यावर, घरांत, किनाऱ्यावर त्यांच्यात जाऊन बसले, त्यांच्याकडून रोजनिशा लिहून घेतल्या, आणि १९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी मुलांचे वेगळे टोळके आणि मुलींचे वेगळे. मग ती टोळकी एकमेकांच्या जवळपास घुटमळतात, चिडवतात, पळतात. मग मिश्र गट होतो. त्या गटात राहून बोलायला-चालायला जमू लागते, आणि सर्वांत शेवटी जोड्या होतात व मोठा गट विरघळतो. मिश्र गट ही मधली पायरी आहे आणि एकांतातल्या जोडीच्या आधीची आहे. आपण नेमकी तीच काढून टाकायला निघालो आहोत. पायरी काढली म्हणून कोणी वर जायचा थांबत नाही, उडी मारतो.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे टप्पे मांडले. किशोरवयाचे काम त्यांच्या मते 'मी कोण' हे शोधण्याचे; खरी जवळीक, दुसऱ्यात मिसळूनही स्वतःला न गमावण्याची ताकद, त्याच्या पुढची. या वयातले प्रेम म्हणजे बरेचसे स्वतःचाच शोध असतो, म्हणून त्यात बोलणेच जास्त असते, असेही त्यांनी म्हटले आहे. हे मला फार दिलासा देणारे वाटते. पोरे तासन् तास काय बोलतात, असा प्रश्न आईवडील त्रासून विचारतात. ती स्वतःबद्दल बोलत असतात. आपण कसे दिसतो, आपण शूर आहोत की भित्रे, आपल्याला संगीत आवडते की वर्गातल्या सगळ्यांना आवडते म्हणून आवडते. हे ऐकायला त्यांना समवयस्क लागतो. आपण ऐकू शकत नाही, आपण लगेच उत्तर देतो.

आता संस्कृतीबद्दल. पूर्वी असे नव्हते, हे खरे आहे. पण पूर्वी काय होते? १८९१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले, तेव्हा केवढे वादळ उठले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. लग्ने अशा वयात होत की वयात येणे आणि संसार यांच्यामध्ये अंतरच नव्हते. मैत्री, ओढ, नकार, निवड यांपैकी काहीही शिकायला मुलीला वेळ दिलेला नव्हता आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. आज आमच्या गावातली मुलगी बारा-तेराव्या वर्षी वयात येते आणि पंचविशी उलटल्यावर तिचे लग्न होते. मध्ये एक तप आहे. हे तप आपणच तिला दिले, शिकवले, नोकरीला पाठवले, आणि ते चांगलेच केले. पण या बारा वर्षांत तिने आणि तिच्या वर्गातल्या मुलाने एकमेकांशी कसे वागावे, याचा नमुना आजीच्या काळात मिळणार नाही, कारण आजीच्या काळात ही वर्षेच नव्हती. तो नमुना आपल्यालाच घडवावा लागणार.

आणि गोव्यात तो घडवायच्या जागा आहेत. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघर घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती होते, त्या मंडळात आता मुलीही घुमट वाजवताना दिसतात. जत्रेच्या नाटकाच्या तालमी होतात. शिगम्यात रोमटामेळाची नाचती मिरवणूक निघते. या सगळ्या जागी मोठी माणसे आसपास असतात आणि कोणी कोणावर पहारा देत नाही. तालमीत मुलगा आणि मुलगी रोज दोन-दोन तास एकत्र असतात. मागे दिग्दर्शक ओरडत असतो, काकू चहा घेऊन येतात, लहान भावंडे विंगेत लोळत असतात. यापेक्षा सुरक्षित मोकळीक मला माहीत नाही. वाचनालयाचे टेबल त्याच जातीचे आहे.

मोकळी जागा गेली की काय होते, तेही मी पाहिले आहे. दोनेक वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी आणि तिच्याच शाळेतला एक मुलगा पावसात बसथांब्यावर उभे होते. दोघांत एक छत्री. कोणीतरी गाडीतून फोटो काढला आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली काहीतरी लिहून. रात्रीपर्यंत तो घरोघर पोहोचला. दुसऱ्या दिवशी मुलीची आई माझ्याकडे आली, ही इथे कोणाबरोबर बसते ते विचारायला. मुलगी मागे उभी होती. “तो म्हजो इश्ट, आई, आनीक कांय ना,” (तो माझा मित्र, आई, आणखी काही नाही) एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचे वाचनालय बंद झाले. क्लासला वडील नेऊ-आणू लागले. फोन काढून घेतला. तिच्या मैत्रिणीही हळूहळू गळाल्या, कारण त्यांच्या आयांना तिची संगत नको वाटू लागली. त्या मुलीच्या आयुष्यातून एक मित्र काढायला निघालेल्यांनी तिची सगळीच माणसे काढून घेतली. पुढे आईच्या फोनवरून लपून तिने कोणाशी तरी ओळख केली. तो तिच्याहून बराच मोठा, बाहेरचा, तिने कधी न पाहिलेला माणूस होता. ते वेळीच कळले, कारण एक जुनी मैत्रीण अजून तिच्याशी बोलत होती आणि तिने धीर करून घरी सांगितले. याहून जास्त मी लिहीत नाही.

पालकांना ज्या धोक्याची भीती वाटते, तो धोका खरा आहे. पण तो बहुतेक वेळा त्या सागवानी टेबलावर बसलेला नसतो. मोठ्या वयाचा माणूस गोड बोलून जवळ येऊ लागला, फोटो मागू लागला, 'हे कोणाला सांगू नकोस' म्हणू लागला, तर सर्वांत आधी ते कळते मैत्रिणीला, मित्राला. आईला नंतर. ज्या मुलीला समवयस्क मुलांशी बरोबरीने बोलायची सवय आहे, तिला हे बोलणे वेगळे आहे हे चटकन जाणवते. जिने मुलांशी कधी साधे बोललेलेच नाही, तिला तो पहिलाच गोड शब्द असतो.

याच्याबरोबर मुलांना कायदा सरळ सांगायला हवा, आणि तो आपण सांगत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या, बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. लैंगिक संबंधाला तिने दिलेली संमती कायदा मानत नाही, मग समोरचाही सतरा वर्षांचाच का असेना. असा गुन्हा घडल्याचे कळले तर ते कळवणे कोणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे. गोव्यात तर त्याआधीच, २००३ मध्ये, मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात किशोरवयीन मुलींनी आपल्या लैंगिक भावनांवर ताबा ठेवावा अशी शिकवण दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो निकालच रद्द केला. म्हणजे न्यायालय मुलींना उपदेशही करू देत नाही आणि कायदाही सैल करत नाही. हे दहावीच्या वर्गात, मुलगे-मुली दोघांसमोर, न लाजता सांगण्यासारखे आहे. मैत्री गुन्हा नाही. कोणी आवडणे गुन्हा नाही. रेषा कुठे आहे, ती ही. रेषा दाखवल्याशिवाय शिक्षा करणे मला अन्याय वाटतो.

मेंदूच्या बाबतीतही एक गोष्ट सांगते. आनंदाकडे, बक्षिसाकडे, थराराकडे ओढणारी मेंदूतली यंत्रणा वयात येताच जोरात चालू होते. थांब, विचार कर, असे सांगणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची. एकटे असताना किशोरवयीन मुले आणि मोठी माणसे यांच्यात फार फरक नव्हता, पण मित्र बघत असले की मुले जास्त धोके पत्करू लागली आणि चोवीसच्या पुढच्यांवर मित्रांचा काही परिणाम दिसला नाही. आमच्या रस्त्यांवर तिघे-तिघे स्कूटरवर बसून जाणारी पोरे पाहिली की हे पटते. कोणी म्हणेल, मग मित्रच वाईट! मला त्यातून उलटे दिसते. त्या वयात मित्रांच्या नजरेचे वजन इतके आहे, तर ती नजर कशी आहे याला महत्त्व आहे. मासिकांच्या रॅकपाशी मित्राच्या शेजारी जाऊन उभा राहिलेला मुलगा हीसुद्धा मित्राचीच नजर.

प्रेमात पडणे या वयात निरुपद्रवी असते, असेही मी म्हणणार नाही. कारा जॉयनर आणि रिचर्ड उड्री यांनी २००० मध्ये अमेरिकेतल्या हजारो किशोरांच्या माहितीचा अभ्यास केला. प्रेमात पडलेल्यांच्या मनावरचे मळभ, न पडलेल्यांच्या तुलनेत, वाढलेले आढळले, मुलींमध्ये अधिक. पण कारणे शोधताना आईवडिलांशी बिघडलेले नाते हा त्यांना मिळालेल्या धाग्यांपैकी एक होता. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. मन मोडते त्याच वेळी घरही तुटलेले असेल, तर पंधरा वर्षांच्या पोरीने जायचे कुठे? प्रेमभंग झालेल्या मुलीला घरी जेवताना रडता आले पाहिजे. 'बरे झाले, आता अभ्यासाला लाग' हे वाक्य त्या वेळी कोणीही उच्चारू नये. अगदी खरे असले तरी.

मुलग्यांबद्दल तर कोणी बोलतच नाही. अर्जात त्यांचा उल्लेख त्रास देणारे एवढाच आहे. मी बघते ती पोरे अशी नाहीत. चौदाव्या वर्षापर्यंत एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरणारे दोन मुलगे पंधराव्या वर्षी एकमेकांना हात लावायचे बंद करतात. मनातले बोलणे 'बायकी' ठरते. जवळिकीची गरज तर तेवढीच असते, मग ती सगळी एका मुलीवर येऊन पडते, आणि ती 'नाही' म्हणाली की त्याच्याजवळ काहीच उरत नाही. नकार पचवता न आल्याने घडलेल्या भयंकर बातम्या आपल्याच वर्तमानपत्रात येतात. त्या मुलाला माडीवर वेगळे बसवून तो नकार पचवायला शिकेल, असे मला वाटत नाही. शाळेत समुपदेशक असतात, पण मुलगे त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, कारण तिथे जाताना वर्ग बघत असतो. वडिलांनी, काकांनी, फुटबॉलच्या प्रशिक्षकाने हे बोलायला हवे. वडिलांनीच तर नक्की. “मलाही कोणीतरी नाही म्हणालं होतं,” एवढे एक वाक्य बापाने मुलाला सांगितले तर त्याचे मोल मोठे आहे.

शिवाय मुलगे वर, मुली खाली, या वाटणीत एक गृहीत धरलेले आहे, की ओढ फक्त मुलगा-मुलीतच असते. काही मुलांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल ओढ वाटते. ती आमच्याही गावात आहेत, कोणाला सांगत नाहीत एवढेच. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांमधले असे नाते गुन्हा राहिलेले नाही. या मुलांना तर मित्रांची सर्वांहून जास्त गरज असते. कुठल्याही एका बाजूला ढकलून त्यांची सोय होत नाही.

आणखी एक नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही. दहावीनंतर ही पोरे पांगतात. कोणी फोंड्याला अकरावीला, कोणी फर्मागुढीला आयटीआयला, कोणी पणजीला डिप्लोमाला. रोजच्या बसची वेळ बदलते आणि लहानपणापासूनची मैत्री महिन्याभरात विरते. नेमके याच वर्षी मूल सर्वांत एकटे असते आणि त्याच वर्षी घरचे म्हणतात की आता मित्र-बित्र पुरे. आमच्याकडे पांगलेली मुले शनिवारी मुद्दाम त्या टेबलावर येतात. अभ्यास होतोच असे नाही. मी त्यांना उठवत नाही.

म्हणून माझे समितीला आणि पालकांना सांगणे आहे ते असे. टेबल एकच राहू द्या. बंद होण्याची वेळ साडेसातवरून आठ करता आली तर बघा, म्हणजे शेवटच्या बसपर्यंत मुलांना उजेडाची, माणसांची जागा मिळेल. गावच्या ग्रुपवर कोणाच्याही मुलामुलीचा फोटो त्यांना न विचारता टाकू नका आणि कोणी टाकला तर तिथल्या तिथे काढायला लावा. हे ॲडमिनचे काम आहे. शिक्षकांनी वर्गात सापडलेली चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवू नये. चवथीला आपल्या मुलांच्या मित्रमैत्रिणींना, दोघांनाही, घरी बोलवा, नेवऱ्या (करंज्या) वाढा, त्यांची नावे, त्यांच्या आईवडिलांची नावे विचारा. ज्याने तुमच्या घरी नेवरी खाल्ली आहे, त्याला तुमच्या मुलीशी खोटे वागणे जड जाते आणि तुम्हालाही त्याचा बागुलबुवा करणे जड जाते. आणि मन फारच खचलेले दिसले तर एकटे झुंजू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही फुकट आहेत. आमच्या सूचना फलकावर मी ते मोठ्या अक्षरांत लावले आहेत, तुमच्या फ्रीजवरही लावा.

अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी बरेच जण मला ओळखतात. काही तर याच वाचनालयात बसून शिकलेले आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना माझी एकच विनंती आहे की बैठकीच्या आधी एकदा संध्याकाळी पाचनंतर यावे, पेपर वाचायच्या निमित्ताने त्या टेबलाच्या टोकाला बसावे, आणि आपल्या मुलीला किंवा मुलाला तिथून उठवू नये. सोमवारी वाचनालय बंद असते. बाकी रोज चार ते साडेसात उघडे आहे.

माझे नाव आणि गावाचे नाव छापू नये, ही विनंती; त्यावरून मुले ओळखली जातील. समितीपुढे मी हेच पत्र सहीनिशी ठेवणार आहे.

आपली,
एक ग्रंथपाल, फोंडा तालुका